गुलाबराव खरंच झोपला होता

नोकरीत काय करत होतात असं कोणी विचारलं की मी सांगतो, जखमा करत होतो. विचारणारा एक पाऊल मागे सरकतो. मग मला घाईघाईने सांगावं लागतं की जखमा मेणाच्या होत्या, रक्त आलत्याचं होतं, आणि हे काम मी नागपूरच्या एका प्रथमोपचार प्रशिक्षण केंद्रात जवळजवळ तीस वर्षं पगारी केलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती मी सांगणारच, कारण मला स्वतःच्या गमती सांगण्याची खोड आहे. पण हा लेख खरा लिहितोय तो देविदास नावाच्या एका फिटरसाठी. देविदासला मी परीक्षेत दहापैकी दोन गुण दिले होते. ते चुकीचे होते. चूक मला चार वर्षांनी कळली, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो. त्यामुळे एका माणसाच्या मरणाचा ठपका देविदासच्या नावावर राहिला. मला आता एक्क्याऐंशी वर्षं झाली. अजून गप्प बसावं म्हटलं तरी फार दिवस जमणार नाही.

आमचं केंद्र म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, पुढे मैदान आणि मैदानाच्या कडेला कडुलिंब. एक ट्रस्ट ते चालवायचा. कारखान्यांतून, खाणींतून, एसटीच्या डेपोंतून माणसं आठ-आठ दिवसांसाठी शिकायला यायची. केंद्र उभं केलं ते लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी. त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणत. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक वाचून पट्टी बांधता येते, पण समोर रक्त दिसलं की पाय लटपटतात. तेव्हा ते लटपटणं इथेच होऊन जाऊ द्या. म्हणून आम्ही खोटे अपघात घडवायचो. मैदानात एक उलटी हातगाडी, दोन-तीन ड्रम, मोडकी सायकल, आणि त्यांच्यामध्ये केंद्राचीच पाच-सहा माणसं जखमी होऊन पडलेली. शिकायला आलेल्याने पिशवी घेऊन धावत यायचं आणि ठरवायचं, आधी कोणाकडे जायचं. या ठरवण्याला प्रत्येकाच्या परीक्षेच्या कार्डावर वेगळा रकाना होता : ‘रुग्णांची निवड’, गुण दहा.

मी मूळचा दुकानांच्या पाट्या रंगवणारा. कॅप्टनसाहेबांनी मला मानवी सांगाड्याचा तक्ता रंगवायला बोलावलं. मी चार दिवस खपून रंगवला. साहेबांनी तो मिनिटभर पाहिला आणि बरगड्या मोजल्या. उजवीकडे बारा होत्या, डावीकडे तेरा. ते म्हणाले, याला मोजता येत नाही, पण लाल रंग बरा लावतो. अशा रीतीने मी वैद्यकीय क्षेत्रात आलो.

जखमेचं शास्त्र थोडक्यात सांगतो. मेण आणि व्हॅसलिन कालवून त्वचा होते. पातळ कागद डिंकाने चिकटवून चुरगाळला की भाजल्याचे फोड होतात. मोडून बाहेर आलेल्या हाडाला सोललेल्या उसाच्या कांडीसारखं दुसरं काही नाही. फक्त पेशंटने ते मध्येच खायचं नसतं. रक्ताने मात्र मला फार छळलं. आलता उन्हात गुलाबी दिसतो, लग्नघरातला वाटतो. त्यात काजळ घातलं तर तो वाहत नाही. शेवटी मी त्यात गुळाचा पाक मिसळला आणि असं रक्त तयार झालं की मी स्वतःच त्याकडे बघत बसायचो.

त्या रक्ताची पहिली मानकरी शेवंताबाई. ही आमच्याकडे झाडलोट करायला होती, पण खरं काम ओरडण्याचं. ती ‘माय वं, मेली वं’ म्हणून ओरडायला लागली की रस्त्यावरच्या सायकली थांबायच्या. तिला मोठी जखम लागायची. ‘मले पोटातली द्या, सायेब. हाताच्याले कोणी पाहत नाही.’ मी पोटातली दिली. अर्ध्या तासाने गुळाला मुंग्या लागल्या. लाल मुंग्या. शेवंताबाई स्ट्रेचरवरून उठून मैदानभर नाचली, आणि शिकाऊ माणूस पट्टी घेऊन तिच्यामागे धावला. पाहणीला आलेले एक अधिकारी म्हणाले, अभिनय फार नैसर्गिक आहे. मी नम्रपणे मान झुकवली. पाकाऐवजी ग्लिसरीन वापरायचं मला त्या दिवशी सुचलं, पण श्रेय मी मुंग्यांना कधीच दिलं नाही.

आता मुद्द्याचं. कॅप्टनसाहेबांचा पहिला धडा असा होता, की जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. तो थोडा थांबू शकतो. जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. माणूस बेशुद्ध होऊन उताणा पडला की त्याची जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अडते. तेव्हा तो घोरल्यासारखा आवाज करतो. बघणाऱ्याला वाटतं, झोपलाय. त्याला कुशीवर वळवायचं आणि हनुवटी वर करायची, की श्वास मोकळा होतो. बस. हे शिकवण्यासाठी प्रत्येक खोट्या अपघातात साहेब एक गप्प पेशंट ठेवायचे. उताणं पडायचं, तोंड उघडं ठेवायचं आणि हलकं घोरायचं.

हे काम कोणाला नको असायचं. मलाही तो पेशंट आवडायचा नाही. कारण उघड आहे. त्याला जखम नव्हती. पट्टी नाही, फोड नाही, रक्ताचा थेंब नाही. माझ्या कलेला तिथे वावच नव्हता. शेवटी ते काम आमच्या शिपायाकडे, गुलाबरावकडे आलं. तो तसाही दुपारी कडुलिंबाखाली उताणाच सापडायचा.

देविदासच्या तुकडीची परीक्षा होती त्या दिवशी कॅप्टनसाहेब तापाने घरी होते आणि सगळं माझ्यावर होतं. ट्रस्टचे एक बडे पाहुणे बघायला आले होते. मी सकाळपासून अडीच तास बसून शेवंताबाईच्या पोटावर अशी जखम केली होती की आतडं बाहेर आलेलं स्पष्ट दिसावं. मी केलेल्या सगळ्या जखमांत तिचा नंबर पहिला, असं मला अजून वाटतं आणि त्याची लाज वाटते. गुलाबराव आदल्या दिवशी मेहुण्याच्या लग्नात जेवून आला होता. तो कडुलिंबाखाली पडला आणि पाच मिनिटांत खरोखरच झोपला. त्याचं घोरणं पाहुण्यांच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू येत होतं. पाहुणे तोंडावर रुमाल धरून हसत होते.

देविदासची पाळी आली. हिंगण्याच्या एका कारखान्यातला फिटर, किडकिडीत, कमी बोलणारा. पिशवी घेऊन धावत आला. शेवंताबाई ओरडत होती. त्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, थांबला नाही. सरळ कडुलिंबाखाली गेला, गुडघ्यावर बसला, गुलाबरावला कुशीवर वळवलं आणि त्याची हनुवटी वर केली.

गुलाबराव डोळे न उघडताच म्हणाला, ‘झोपू दे ना गा.’

त्यावर जे हसणं उसळलं ते थांबेना. शेवंताबाई आतडं हातात धरून उठून बसली. ‘इथं मी मरून राहिली, आन् हा झोपलेल्याची सेवा करून राहिला.’ पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. देविदास तिथेच गुडघ्यावर, कानापर्यंत लाल झालेला, हात अजून गुलाबरावच्या हनुवटीखाली.

मी काय करायला हवं होतं? पाहुण्यांना सांगायला हवं होतं, की याने बरोबर केलं. लांबून बघणाऱ्याला झोपलेला आणि बेशुद्ध यातला फरक कळत नाही, म्हणून तर आधी तिकडेच जायचं. मला ते सुचलं नाही. पाहुण्यांसमोर फजिती झाली याचा राग होता आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठा राग हा, की माझ्या अडीच तासांच्या जखमेकडे याने धड पाहिलंही नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘देविदास, झोपलेल्याला झोपू दे. जखम बघ, जखम.’ पुन्हा हशा झाला. हा हशा माझ्या विनोदाला होता, म्हणून मला बरं वाटलं. मी कार्ड काढलं आणि ‘रुग्णांची निवड’पुढे दोन लिहिले. बाकीच्या रकान्यांत तो चांगला होता, म्हणून पास झाला आणि त्याला बिल्ला मिळाला.

कॅप्टनसाहेब बरे होऊन आल्यावर मी त्यांना गुलाबरावची झोप रंगवून सांगितली. ते हसले. देविदासचं मी सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं असतं तर मला कार्ड बदलायला लावलं असतं. वर्षभराने साहेब मुलाकडे राहायला गेले आणि मी मुख्य प्रशिक्षक झालो. मी पहिली सुधारणा केली ती ही, की गप्प पेशंट काढून टाकला. छापील पुस्तकात धडा सातवा तसाच होता. तो आम्ही वर्गात मोठ्याने वाचायचो. मैदानात मात्र सगळे ओरडणारे, सगळे रंगलेले. पाहुणे खूश होते.

त्या परीक्षेला चार वर्षं झाली. हिंगण्याच्या त्या कारखान्यात सळयांची मोळी उचलताना साखळी तुटली. एका कामगाराचा हात कोपरापासून फाटला आणि तो किंचाळायला लागला. महादेव नावाच्या दुसऱ्या कामगाराच्या डोक्याला सळईचा फटका बसला आणि तो भिंतीजवळ उताणा पडला. रक्त नव्हतं. देविदास त्या पाळीत होता. खिशावर प्रथमोपचाराचा बिल्ला होता. तो पिशवी घेऊन धावला. भिंतीजवळचे लोक म्हणाले, याले चक्कर आली, घोरून राहिला, पडू द्या. देविदासने ते घोरणं ऐकलं. तरी तो आधी हात फाटलेल्याकडे गेला. त्याने रक्त थांबवलं, पट्टी उत्तम बांधली. त्या माणसाचा हात वाचला. त्याच वेळात महादेवचं घोरणं बंद झालं. लोकांना वाटलं, बरं वाटतंय त्याला.

महादेव दवाखान्यात पोचण्याआधीच गेला. डॉक्टर म्हणाले, डोक्याचा मार फार नव्हता. कुशीवर वळवला असता तर कदाचित राहिला असता. कदाचित, हा शब्द डॉक्टरांचा आहे. मी तो पुष्कळ वर्षं औषधासारखा घेतला.

कारखान्यात चौकशी झाली. मला बोलावणं आलं. मी इस्त्रीचा बुशशर्ट घालून, फाईल घेऊन गेलो. टेबलापलीकडे तीन अधिकारी, अलीकडे देविदास उभा. त्यांनी त्याला विचारलं, बेशुद्ध माणसाकडे आधी का गेला नाहीस? देविदास म्हणाला, ‘सरांले विचारा जी. आम्ही कसे शिकलो, ते त्यांले माहीत आहे.’

तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही. मी आलोय हे पाहून त्याला हायसं वाटलं होतं. हे मला तेव्हाही कळलं.

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, बेशुद्ध माणसाचं शिकवलं होतं का? मी धडा सातवा उघडून पुढे ठेवला. ‘शिकवलं होतं,’ मी म्हणालो. त्यांनी कार्ड मागितलं. त्यांनी ‘रुग्णांची निवड’ वाचलं, दहापैकी दोन वाचले, आणि एकजण म्हणाला, म्हणजे मुळातच कच्चा होता. मी मान हलवली. बोललो नाही, फक्त मान हलवली, आणि त्या जोरावर पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मी खोटं बोललो नाही. देविदासने माझ्याकडे पाहिलं. मग तो खिडकीबाहेर बघायला लागला.

कार्ड बघताना, तिथेच, मला ते कडुलिंबाचं झाड आठवलं होतं. त्या मैदानात इतक्या वर्षांत ज्या थोड्या लोकांनी बरोबर निवड केली, त्यांतला तो एक होता. त्याची ती निवड हसून मोडून काढली ती मी. पण हे बोललो असतो तर विचारलं असतं, गप्प पेशंट कोणी काढला? आणि मी मुख्य प्रशिक्षक होतो, माझ्या टेबलावर काच होती.

देविदासचा बिल्ला गेला आणि त्याला गेटवर बसवलं. महादेवचं घर त्याच्याच चाळीत, दोन दारं सोडून. महादेवची बायको सुमनबाई त्याला आधी भाऊजी म्हणायची. ती नळावर त्याच्या बायकोकडे पाठ करून उभी राहायला लागली, मग चाळच तशी उभी राहायला लागली. देविदास ती वस्ती सोडून गेला. हे मला शेवंताबाईने सांगितलं. तिची भाची त्याच चाळीत होती. सांगून झाल्यावर ती झाडू धरून उभीच राहिली. ‘त्या दिवशी मीच ओरडली नसती एवढी, तं बरं झालं असतं, सायेब.’ केंद्रात झाडू मारणाऱ्या बाईने आपला वाटा उचलला. मी तिला म्हणालो, तुझं काय त्यात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग व्हरांडा झाडायला गेली.

मी काय केलं? पुढच्या तुकडीपासून गप्प पेशंट परत आणला. कारण कोणाला सांगितलं नाही. आणि ते काम मी स्वतः करायला लागलो. निवृत्त होईपर्यंत, दर परीक्षेला, मी कडुलिंबाखाली उताणा पडून घोरायचो. मुख्य प्रशिक्षक कामाच्या वेळेत झाडाखाली झोपतात, अशी एक निनावी तक्रारही ट्रस्टकडे गेली होती. जो माझ्याकडे आधी यायचा त्याला मी दहापैकी दहा द्यायचो. मला हे प्रायश्चित्त वाटायचं. त्यात मला काही सोसावं लागत नव्हतं. वर सावली होती.

निवृत्तीच्या दिवशी देविदासचं कार्ड मी खिशात घालून घरी आणलं. आठवण म्हणून आणलं असं म्हणायला मला आवडलं असतं. कोणाच्या हाती पडू नये म्हणून आणलं.

यंदा उन्हाळ्यात ट्रंक आवरताना ते वर आलं. मी पत्ता काढला. देविदास आता हुडकेश्वरला मुलाकडे राहतो. गेलो. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी घरून पाठ करून नेलेलं सगळं बोललो. त्याने मध्ये अडवलं नाही. मग त्याने विचारलं,

‘सर, एक सांगा. गुलाबराव खरंच झोपला होता, का नाटक करून राहिला होता?’

‘खरंच झोपला होता.’

‘मले कधी समजलंच नाही.’ तो हसला. ‘महादेव घोरत होता ना, तं मले तुमचं हसणं ऐकू आलं, सर. म्हटलं, हा झोपला असन आन् मी पुन्हा तिथं जाऊन बसलो, तं हे सारे हसतीन.’

मी कार्ड काढून पेनाने दुरुस्त करायला लागलो. त्याने हात आडवा केला. आता कोण पाहते, म्हणाला. मी म्हणालो, मी हे सगळं दिवाळी अंकात लिहितो, तुझ्या नावानिशी, सगळे वाचतील.

‘सुमनबाईले वाचता येत नाही, सर,’ तो म्हणाला.

इथपर्यंतचा मजकूर मी घरी लिहिला. मग तो घेऊन आम्ही दोघं एसटीने उमरेडला गेलो. सुमनबाई तिथे मुलाजवळ असते. देविदासला दारात पाहून ती आत गेली. तिच्या मुलाने आम्हाला बसवलं, आणि थोड्या वेळाने ती बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकून बसली. मी वाचून दाखवलं. पाट्यांपासून सगळं. मुंग्यांचं वाचताना मला वाटलं, हे गाळावं. पण मग म्हटलं, आजवर गाळलंय ते पुरे. वाचताना कोणी हसलं नाही. हिंगण्याचं आलं तेव्हा माझा आवाज बारीक झाला, तशी ती म्हणाली, मोठ्यानं वाचा.

संपलं. मुलाने कधीतरी चहा आणून ठेवला होता. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने मलाच विचारलं,

‘घोरत होते, म्हणता?’

‘हो.’

‘रोजच घोरायचे ते,’ ती म्हणाली. ‘मी कुशीवर वळवून देत होती. मंग बंद व्हायचं.’

देविदास मान खाली घालून जमिनीकडे बघत होता. मी कागदांची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. तिने डोळ्यांना पदर लावला आणि उठून एक कप उचलून देविदाससमोर धरला.

‘घ्या भाऊजी,’ ती म्हणाली. ‘चहा थंडा होऊन राहिला.’